एकट्याचे वऱ्हाड

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, कला

गेल्या हिवाळ्यात एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी एकपात्री प्रयोग सादर केला. वेळ सात मिनिटांची होती. विषय घरचाच निवडला होता. औसा तालुक्यातल्या आमच्या गावच्या फाट्यावर, लेकीकडे जायला निघालेली माझी आजी एस.टी.ची वाट पाहत उभी आहे, एवढाच तो प्रसंग. आजी, पानटपरीवाला, शाळा बुडवून आलेला एक पोरगा आणि शेवटी येणारा कंडक्टर अशी चार माणसे मी रंगमंचावर उभी केली. हशा झाला, टाळ्या पडल्या. निकाल लागला तेव्हा मात्र माझे नाव त्यात नव्हते. धीर करून परीक्षकांना विचारले. ते म्हणाले, "अभिनय बरा आहे. पण आधी भाषा शुद्ध करा. तुम्ही गावंढळ बोलता, लोक त्याला हसतात. त्यात तुमचं कर्तृत्व कोणतं?"

मला राग आला आणि, खरे सांगायचे तर, भीतीही वाटली. राग पहिल्या वाक्याचा होता. भीती शेवटच्या प्रश्नाची होती. कारण लोक माझ्या अभिनयाला हसले की माझ्या आजीला हसले, हे मला स्वतःलाच सांगता आले नसते.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी. लातूरला पोचेपर्यंत हा प्रश्न माझ्या शेजारच्या सीटवर बसून होता. लातूरला मामांकडे मुक्काम होता. त्यांनी चेहरा पाहूनच ओळखले. "कशाला रडायलीस?" म्हणाले. सगळे सांगितल्यावर त्यांनी माळ्यावरची एक पत्र्याची पेटी काढली आणि तिच्यातून एक कॅसेट माझ्या हातावर ठेवली : 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. वाजवायला घरात आता यंत्र नाही. "पण तुमच्या मोबाईलवर सापडतंय की. हसायला ऐकू नकोस. हा माणूस कुठं थांबतोय ते बघ," असे ते म्हणाले. मामांनी कॉलेजात असताना हा प्रयोग प्रत्यक्ष पाहिला होता. मांडवात मागे जागा मिळाली होती, तरी एक शब्द चुकला नाही, हे ते आजही अभिमानाने सांगतात.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या कॅसेटने मला जे शिकवले त्याचा हिशेब आहे. नाटकाच्या अभ्यासकांना यातले पुष्कळसे ठाऊक असेल. माझ्यासारख्या ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हा लेख.

डॉ. लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ५ डिसेंबर १९४३ चा. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठात ते नाट्यशास्त्र शिकवीत आणि त्या विभागाचे प्रमुखही होते. १९७९ पासून त्यांनी 'वऱ्हाड'चे प्रयोग सुरू केले. लेखन त्यांचे, दिग्दर्शन त्यांचे आणि रंगमंचावर वावरणारेही तेच एकटे. सुमारे तीन तासांच्या या प्रयोगात ५२ व्यक्तिरेखा येतात. प्रयोगांची संख्या अडीच हजारांच्या वर गेली. मराठवाड्यातल्या गावागावांतून हे वऱ्हाड महाराष्ट्रभर फिरले आणि पुढे परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही पोचले. २२ फेब्रुवारी २००९ रोजी देशपांडे गेले, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे एका माणसाने एकच लग्न लावले! त्यांच्यानंतर बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे अभिनेते संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुन्हा उभा केला आणि माझ्या पिढीला तो प्रत्यक्ष पाहता आला.

कथानक तसे दोन ओळींत सांगता येईल. मराठवाड्यातल्या एका खेड्यातला मुलगा लंडनला जातो, तिथल्या मुलीशी त्याचे लग्न ठरते आणि इकडचे सगळे गणगोत त्या लग्नाला विमानाने निघते. एवढ्या धाग्यावर तीन तास कसे निभतात? तर त्यात घटनांपेक्षा माणसे अधिक आहेत म्हणून. आपल्याकडे लग्न म्हटले की कोणकोण जागे होते, हे वाचकांना सांगायला नकोच. रुसणारे येतात, मिरवणारे येतात, फुकटचा सल्ला देणारे येतात आणि ज्यांना कोणी बोलावले नाही तेही येतात.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. एक माणूस पन्नास माणसे कशी होतो? आवाज बदलून, असे आपण पटकन म्हणतो. मीही स्पर्धेआधी तेच समजत होते आणि चार आवाज घोकून गेले होते. पण पन्नास वेगळे आवाज कोणाच्याही गळ्यात नसतात. ध्वनिमुद्रण दहा वेळा ऐकले, चित्रमुद्रण आवाज बंद करून पाहिले, तेव्हा ही करामत थोडी थोडी ध्यानात आली.

पहिली गोष्ट नजरेची. दोन माणसे बोलत असतील तर एक किंचित उजवीकडे पाहून बोलतो, दुसरा किंचित डावीकडे. बोलणारा लहान असेल तर नजर वर जाते, बाप असेल तर खाली येते. एवढ्यावरून रिकाम्या जागेत समोरचा माणूस आपल्याला दिसू लागतो, त्याची उंचीसुद्धा कळते. हा कोन एकदा ठरला की तो मोडायचा नाही. मोडला की प्रेक्षकांच्या मनातला तो माणूस नाहीसा होतो. माझ्या प्रयोगात कंडक्टर एकदा टपरीवाल्याच्या जागी जाऊन बोलला होता, हे मला आता आठवते.

दुसरी गोष्ट ओळख करून देण्याची. नवे पात्र प्रथम येते तेव्हा त्याला भरपूर वेळ द्यावा लागतो. ते कसे उभे राहते, हात कुठे ठेवते, वाक्य कुठे तोडते हे सावकाश दाखवावे लागते. पुढच्या वेळी त्यातली एकच खूण पुरते. खांदा जरा झुकला की प्रेक्षक आपणहून म्हणतात, आले बघा ते! म्हणजे पन्नासांतले निम्मे काम प्रेक्षकच करीत असतात. नटाने त्यांना सुरुवातीला नीट शिकवलेले असते, इतकेच. अशा प्रयोगात सामानाचा पसारा नसतो. खांद्यावरचे एखादे वस्त्र असले तरी पुरते. तेच कधी पदर होते, कधी पागोटे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत अवघड वाटते. ती म्हणजे ऐकण्याची. एकपात्रीत बोलणारे पात्र सगळे दाखवतात. पण समोरच्याचे बोलणे ऐकून घेणारे पात्र दाखवले, तरच तिथे दोघे आहेत असे वाटते. नाही तर तो एकाच माणसाचा बडबडाट होतो. "कुठं थांबतोय ते बघ," असे मामा म्हणाले होते, त्याचा अर्थ हाच.

आणि या सर्वांना बांधून ठेवणारा आणखी एक जण असतो, तो म्हणजे गोष्ट सांगणारा. तो पात्रांच्या आत-बाहेर करतो. दोन प्रसंगांमधले अंतर एका वाक्यात कापतो आणि लगेच कुणाच्या तरी अंगात शिरतो. हा निवेदक आपल्याला परका नाही. तो कीर्तनकार आहे. आमच्या गावच्या सप्ताहात आख्यान लावणारे बुवा क्षणात राजा होतात, क्षणात रंक, आणि लगेच अभंगाच्या चरणावर परत येतात. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडातून वेगवेगळ्या सोंगांच्या तोंडून उपदेश केला. माहूरच्या रेणुकेची आणि तुळजापूरच्या भवानीची गाणी गाणारे गोंधळी रात्रभर आख्यान सांगतात, त्यातली पात्रेही तेच होतात. परभणीच्या राजारामबापू कदमांचे नाव त्या परंपरेत आदराने घेतले जाते. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी आणि तमाशाचे फड एकाच माळावर दिसतात. पूर्वी गावोगाव फिरणारा बहुरूपी तर एकट्याच्या बळावर रोज नवा माणूस होऊन दारात येई. देशपांडे विद्यापीठात नाटक शिकवीत होते हे खरे. परंतु त्यांनी रंगमंचावर जे मांडले त्याची मुळे या मातीत फार खोल आहेत, असे मला वाटते.

येथे एक प्रश्न साहजिकच पडतो. हा प्रयोग पुण्या-मुंबईत न जन्मता मराठवाड्यात का जन्मला? माझ्या अल्पमतीप्रमाणे याचे एक कारण आपल्या गरिबीत आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूतून चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. साध्या सभा-समारंभांवरही सरकारी परवान्यांची बंधने असत. तिकडे संगीत नाटक मंडळ्यांचा सुवर्णकाळ येऊन गेला, तेव्हा इकडे मराठी शाळा काढणे हीच मोठी चळवळ होती. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली झाले. नांदेडच्या दत्ता भगतांसारखे नाटककार पुढे याच भूमीत अध्यापन करीत लिहिते झाले. पण पंधरा नट, नेपथ्याचा ट्रक आणि रोजचे नाट्यगृह लागणारा व्यावसायिक रंगभूमीचा संसार इथे कोण मांडणार?

एकट्या माणसाला यातले काही लागत नाही. शाळेचे पटांगण चालते, गणपतीचा मांडव चालतो, कॉलेजचे स्नेहसंमेलन चालते. एक ध्वनिक्षेपक आणि थोडा उजेड असला की पुरे. जिथे एस.टी. जाते तिथे नाटक जाते. म्हणजे जी आपली अडचण होती, तिच्यातूनच हा प्रकार फोफावला. याला मी कलावंताचे स्वातंत्र्य म्हणते. ज्याचे सामान थोडे त्याला कुणाची मनधरणी करावी लागत नाही.

मात्र हे स्वातंत्र्य फुकटचे असते असा समज कुणी करून घेऊ नये. बी.ए. झाल्यावर काय करणार, असे घरी रोज विचारले जाते, म्हणून मी या बाजूचाही विचार केला. देशपांड्यांच्या पाठीशी विद्यापीठातील नोकरी होती. एखादा महिना प्रयोग मिळाले नसते तरी चूल पेटली असती. शिवाय वर्गात जे शिकवायचे ते रात्री मांडवात पारखून पाहता येत होते. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगभूमीवर आणली, तेव्हा ते लेखक म्हणून घरोघरी पोचलेले होते. आणि ते रंगमंचावर एकटे असले तरी व्यवस्थेचा सगळा भार वाहणाऱ्या सुनीताबाई विंगेत होत्या. तात्पर्य, एकपात्री कलावंत दिसतो एकटा. पण त्याच्या मागे कुणी माणूस नाही तर कुठली व्यवस्था उभी असतेच. जो ती आधी उभी करीत नाही, त्याला पहिल्या दोन वर्षांत घरी परतावे लागते. आमच्या घरच्यांचे 'आधी बी.एड. कर' हे म्हणणे मला पूर्वी शत्रूसारखे वाटे. आता तसे वाटत नाही.

स्त्रीने हे करावे की नाही, असाही प्रश्न मला विचारण्यात आला. त्याचे उत्तर देणाऱ्या मी नव्हे, सुमन धर्माधिकारी यांनी 'घार हिंडते आकाशी'च्या प्रयोगांतून ते फार पूर्वीच दिले. पुढे सुषमा देशपांडे यांनी १९८९ मध्ये 'व्हय, मी सावित्रीबाई' हा प्रयोग आणला. पत्रकारिता केलेल्या या बाईंनी स्वतः लिहिले आणि स्वतःच उभ्या राहिल्या. प्रेक्षकांशी सावित्रीबाई थेट बोलू लागल्या. पुढे संत स्त्रियांवर 'बया दार उघड' आणि तमाशातल्या बायांवर 'तिच्या आईची गोष्ट' अशी कामे त्यांनी केली. त्यासाठी माणसांत जाऊन, ऐकून, टिपून आणावे लागते. लेखिका, संशोधक आणि नटी असे तीन वेगळे दरवाजे आपण मानतो. या कलावंतांच्या घरात ते एकाच खोलीत उघडतात. 'वऱ्हाड'मध्ये विनोद आहे, 'सावित्रीबाई'त वेदना आहे. पण दोहोंत एक गोष्ट समान आहे. बोलीभाषा तिथे तोंडी लावायला घेतलेली नाही, तीच पोटभरीचे अन्न आहे.

आणि येथेच मी परत त्या परीक्षकांच्या प्रश्नापाशी येते.

जुन्या मराठी नाटकांत खेड्यातली बोली बहुधा गड्याच्या किंवा मोलकरणीच्या वाट्याला येई. शहाणी माणसे प्रमाण मराठी बोलत आणि हसण्यापुरता एक गावकरी येऊन जाई. त्या चौकटीत 'जायलाव', 'करायलाव' असा नुसता शब्द उच्चारला तरी हशा येई, कारण तो शब्द वेगळा पडलेला असे. 'वऱ्हाड'मध्ये काय घडते? तिथे सगळेच तसे बोलतात. सगळेच तसे बोलू लागल्यावर त्या बोलण्याचे नवल पाच मिनिटांत संपते, आणि मग हसू येते ते माणसाच्या वागण्याचे, त्याच्या हट्टाचे, त्याच्या भाबड्या मोठेपणाचे. विमान, विमानतळ, लंडन हीच उलट परकी आणि चमत्कारिक वाटू लागतात. आपण खेडुतांकडे पाहून हसत नाही, खेडुतांच्या डोळ्यांनी पाहून हसतो. हा फरक मला फार मोठा वाटला.

तरीही एक शंका उरते, आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शहरातल्या प्रेक्षागृहात बसलेला एखादा श्रोता आपल्या माणसांना हसत नसेल, याची हमी काय? हमी नाहीच. माझ्या एका मैत्रिणीला 'वऱ्हाड' ऐकताना काही जागी अवघडल्यासारखे झाले. तिचे म्हणणे, आपल्या अडाणीपणाची करमणूक किती दिवस करायची? तिच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण मामांसारखी माणसे त्या मांडवात बसली होती आणि ती पोट धरून हसली होती. त्यांना कुणी आपली थट्टा करीत आहे असे वाटले नाही. कुणी तरी आपल्याला ओळखले, असे वाटले. ज्याच्याविषयी बोलतो त्याच्यासमोर प्रयोग करायची तयारी आहे का, हीच माझ्या मते या कामाची खरी परीक्षा.

मग मी तीच परीक्षा द्यायचे ठरवले. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा ओसरीवर आजीला बसवले आणि तिच्यासमोर तिचाच प्रयोग केला. सांगायला हरकत नाही, इतकी मी स्पर्धेतही घाबरले नव्हते. आजी शांतपणे पाहत होती. टपरीवाल्याला हसली, पोरग्याला हसली, कंडक्टरला तर खूपच हसली. स्वतःला मात्र हसली नाही. संपल्यावर थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "सगळं बरोबर हाय. पर एस.टी. गेल्यावर म्या काय बोलत नसते बग. तू लईच बोललीस."

मी चकित झाले. खरोखरच, एस.टी. न थांबता निघून जाते त्या जागी मी आजीच्या तोंडी चार चटकदार वाक्ये घातली होती. सर्वांत मोठा हशा तिथेच आला होता. प्रत्यक्षात आजी तेव्हा काय करते? ती काहीच बोलत नाही. गाडीच्या धुरळ्याकडे पाहते, पदराने तोंड पुसते आणि गाठोडे पुन्हा खाली ठेवते. ती वाक्ये आजीची नव्हती, टाळ्यांसाठी लिहिलेली माझी होती. म्हणजे परीक्षकांचा शेरा भाषेपुरता चुकीचा होता. परंतु त्यांच्या प्रश्नात एक कण खरा होता, तो मला आजीने वेचून दाखवला. लोक त्या जागी आजीला हसलेच होते, आणि त्यांना हसायला मीच लावले होते.

मी ती चार वाक्ये काढून टाकली. भाषेतला एकही शब्द बदलला नाही. पुढे आमच्याच महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात तो प्रयोग पुन्हा केला. गाडी निघून गेल्यावर मी गाठोडे खाली ठेवले आणि थांबले. सभागृह इतके शांत झाले की मागच्या रांगेतला पंखा ऐकू आला. नंतर एक प्राध्यापिका भेटल्या आणि एवढेच म्हणाल्या, "माझी आई अशीच उभी राहायची."

पुढे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. बी.एड.चा अर्ज भरला आहे आणि एका वहीत फाट्यावरची आणखी सात-आठ माणसे उतरवली आहेत. ५२ पर्यंत पोचायला अद्याप पुष्कळ अवकाश आहे! पण एक गोष्ट कळली. एकपात्री कलावंत एकटा निघत नाही. त्याच्या मागे त्याच्या गावची माणसे चाललेली असतात, आणि त्यांना परत घरी सुखरूप, मान न घालवता, आणून सोडण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. वऱ्हाड नेणे सोपे. सगळ्यांना सांभाळून परत आणणे अवघड, हे ज्यांनी लग्ने पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगायला नकोच.